भोंग्यावरचे पहिले नाव

भाऊबीजेनंतरच्या आठवड्यात आमच्या गावची मंडईची जत्रा भरली. त्या संध्याकाळी नाटकाचा पडदा उघडण्याआधी रुग्णसेवा मंडळाच्या देणगीदारांची नावे भोंग्यावरून पुकारण्यात आली. पहिले नाव माझ्या वडिलांचे होते. रक्कम पाच हजार एक रुपये. वडिलांनी मंडळाला तोवर एक रुपयाही दिलेला नव्हता. हे त्या वेळी चौघांना माहीत होते: वडील, आई, मंडळाचे सचिव मुरलीधरभाऊ आणि मी. त्यांतले तिघे आता हयात नाहीत.

बाबा गावचे पोस्टमास्तर होते. पोस्ट म्हणजे आमच्याच घराची पुढची खोली. एक टेबल, एक लोखंडी पेटी, शाईची गादी आणि भिंतीवर दरांचा तक्ता. सकाळी सानगडीकडून टपालाची थैली आली की शिक्क्याचा ठोका सुरू व्हायचा. आधी गादीवर, मग पत्रावर, एक बसका आवाज आणि एक टणक. आतल्या खोलीत आई त्याच सुमाराला तव्यावर तांदळाच्या पिठाचे आयते घालत असे. पिठाची चर्र आणि शिक्क्याचा ठोका हे दोन आवाज मला आजही एकमेकांपासून वेगळे आठवत नाहीत. दुपारी लाखोरीचे वरण, भात, आणि तलावावरचा ढिवर झिंगे देऊन गेला असेल तर त्यांची चटणी. बाबा ताटात शीत ठेवत नसत. दोऱ्याचा तुकडा, पाकिटाची कोरी बाजू, जुन्या बोरूची काडी, सगळे जपून ठेवत. पोस्टाचा पगार फार थोडा होता, पण गावाला ते पटत नसे. सरकारी शिक्का हातात असलेल्या माणसाकडे पैसा असतोच, असा गावाचा हिशेब होता.

गणपतीची वर्गणी असो, सप्ताह असो की दंडारीचा खेळ, बाबा ठरलेले एकच नाणे देत आणि ते देतानाही दोन्ही बाजूंनी पाहून घेत. पारावर त्यांच्यावर विनोद चालत. मास्तर उष्ट्या हातानं कावळा हाकलत नाही, हे तर लहान पोरेही म्हणत. बाबा ते ऐकत आणि कामाला लागत. पण मनीऑर्डरचा पैसा बाबांच्या हातून कधी कमी भरला नाही की उशिरा पोचला नाही, हेही तेच लोक सांगत. बाबांच्या नावाची अशी दोन वजने गावात होती.

त्यांचा आणखी एक नियम होता. ते कोणाला जामीन राहत नसत. माझे आजोबा एका सोयऱ्याला जामीन राहिले होते. सोयरा परागंदा झाला आणि तलावाखालची चांगली, पाण्याची बांधी गेली. धानाच्या शेताच्या एका तुकड्याला आमच्याकडे बांधी म्हणतात. ती गेली तेव्हा बाबा शाळेत जात होते. शाळेच्या वाटेवरूनच ती दिसायची, पण त्या दिवसापासून त्यांनी दुसरी वाट धरली. जेवायला वाढीन, अंगावरचे काढून देईन, सही देणार नाही, असे ते म्हणत, आणि म्हटल्याप्रमाणे वागत.

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर काका आले. देवाजी काका बाबांचे धाकटे भाऊ, गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायचे, वाट्याला आलेली जमीन कसायचे. काकूच्या पोटात गाठ होती. साकोलीच्या डॉक्टरांनी नागपूरला न्या, वेळ लावू नका, असे सांगितले होते. पतसंस्था कर्ज द्यायला तयार होती. धान हाती आले की फेडता येईल एवढेच ते कर्ज होते. अट एकच: पगारदार माणसाची सही जामीन म्हणून हवी. आमच्या घराण्यात पगारदार माणूस एकच होता.

काका पोस्टाच्या खोलीत, टेबलाच्या अलीकडे, गिऱ्हाईक उभे राहते तिथे उभे होते. बसा म्हटले तरी बसले नाहीत.

"दादा, पैसा नाही मांगत तुले. सही दे."

"देवाजी, तुले मालूम हाये. मी जामीन नाही राहत."

"मी का पळून जाणार हावो?"

"बाप बी असंच म्हनला होता त्या सोयऱ्यासाठी."

त्यानंतर दोघांनी धानाच्या भावाबद्दल थोडे बोलून घेतले. काका गेल्यावर आईने विचारले तेव्हा बाबा म्हणाले की घरचे धान विकून येईल ते देतो. पण आमचे धान अजून शेतात उभे होते. त्यांनी खरोखर काही द्यायचे ठरवले होते की नव्हते, याचा पुरावा माझ्याकडे नाही.

मुरलीधरभाऊंचे गावात कापडाचे दुकान होते. आज ज्या कामाला निधी-संकलन म्हणतात आणि ज्याची प्रशिक्षणे नागपूरच्या हॉटेलांत पडद्यावर चित्रे दाखवून होतात, ते काम त्यांच्याइतके नेटके करणारा माणूस पुढे पत्रकारितेतल्या माझ्या सगळ्या वर्षांत मला भेटला नाही. त्यांना गावासाठी रुग्णवाहिका आणायची होती. मुंबईच्या एका धर्मादाय संस्थेने निम्मी रक्कम देऊ केली होती, पण आधी निम्मी गावाने उभी करायची, तीही ठरलेल्या मुदतीत. भाऊ सकाळी कोणाकडे जात नसत. सकाळी माणूस खर्चाचा विचार करतो, असे त्यांचे म्हणणे. ते खळ्यावर जात, धानाची रास डोळ्यांसमोर असताना. नवऱ्याला विचारण्याआधी बायकोच्या कानावर घालून येत. मोठ्या दवाखान्याचे, समाजाचे, देशाचे नाव काढत नसत. त्या पावसाळ्यात गावातली एक बाळंतीण साकोलीच्या वाटेवर बैलगाडीतच दगावली होती, तिच्या सासऱ्याचे घर कोणते एवढेच ते बोटाने दाखवत. आणि चार आणे देणाऱ्यालाही आभाराचे पोस्टकार्ड पाठवत. समोर भेटून आभार मानले तर माणूस विसरतो, कार्ड आले तर ते खुंटीला टोचून ठेवतो आणि पुढच्या वेळी पुन्हा देतो. ही कार्डे ते आमच्याकडून गठ्ठ्याने घेत. माझे अक्षर चांगले म्हणून पत्ते मी लिहीत असे. एका वाक्यात एकच गोष्ट सांगायची, हे मी त्या कार्डांवर शिकले. वर्तमानपत्राच्या कचेरीत ते मला नव्याने शिकावे लागले नाही.

मंडईच्या दोन-तीन दिवस आधी भाऊ पोस्टात आले. मी टेबलाच्या कोपऱ्यावर पत्ते लिहीत होते. मंडई म्हणजे आमच्या झाडीपट्टीतली दिवाळीनंतरची जत्रा. गावोगाव ती पाळीपाळीने भरते, लेकी माहेरी येतात, पाहुणे येतात, संध्याकाळी मांडवात तिकिटाचे नाटक होते. पडदा उघडण्याआधी देणगीदारांची नावे पुकारायची प्रथा जुनीच. भाऊंनी तिच्यातली एक मेख ओळखली होती. पहिले नाव ज्या रकमेचे, त्या रकमेकडे बघून पुढची नावे पडतात. त्यांना पहिले नाव बाबांचे हवे होते.

बाबांना वाटले, थट्टा चालली आहे. भाऊंनी समजावून सांगितले. "मालगुजाराचं नाव पयले पुकारलं तं लोक म्हनतीन, त्याच्यापाशी हाये, देल्लं. तुमचं नाव पुकारलं तं एकाले बी बसवनार नाही, मास्तर. ज्यानं जल्मात नाही देल्लं त्यानं देल्लं, मंग आपन कायले मागं राहाचं?"

"अन् पैसे?"

"पैसे कोन मांगते तुमाले? नुसतं नाव द्या."

बाबांनी शिक्का गादीवर ठेवला. मग जो प्रश्न विचारला तो मला शब्दशः आठवतो.

"सही लागन का?"

"सही कायची? भोंग्यावर बोलाचं हाये."

बाबा हो म्हणाले. का म्हणाले, यावर मी आयुष्यभर विचार केला आहे. बैलगाडीत गेलेल्या त्या बाळंतिणीची तार तिच्या माहेरी बाबांनीच केली होती, हे एक. कंजूष म्हणवून घेऊन इतकी वर्षे काढल्यावर एक दिवस वेगळे नाव ऐकावेसे वाटले असेल, हे दुसरे. पहिली गोष्ट खरी आहे. दुसरी माझा तर्क आहे. सही नसेल तिथे धोका नाही, एवढे मात्र त्यांनी नक्की धरले होते.

मंडईच्या दिवशी काकांचे घर आमच्याकडे जेवायला येई. ही रीत आजोबांपासूनची. जामिनाचे बोलणे होऊनही त्या वर्षी काका आले, काकूलाही घेऊन आले. भावाने नाही म्हटले ते मनात ठेवायचे नाही, असे त्यांनी ठरवले असावे. आईने लाखोरीच्या डाळीचे वडे तळले होते, कोंबडीचा रस्सा होता. काकू अंगणात बाजेवर टेकून बसली होती. तिला तळलेले चालत नव्हते, म्हणून आईने तिच्यापुढे उकडलेल्या शिंगाड्यांची टोपली ठेवली होती. काकू शिंगाडे सोलून स्वतः थोडे खात होती आणि बाकीचे माझ्या हातावर ठेवत होती. रस्त्यावरून पाहुण्यांचे, पिपाण्यांचे, उसाच्या मोळ्या ओढणाऱ्या पोरांचे आवाज येत होते. बाबा मांडवात होते. त्यांना पुढच्या रांगेत बसवले होते. काका ओसरीत पाटावर जेवत होते आणि आई त्यांना आग्रहाने दुसरा वडा वाढत होती.

भोंगा झाडावर होता, आमच्या घराकडे तोंड करून. मुरलीधरभाऊंचा आवाज आला. त्यांनी आधी बाबांचे पूर्ण नाव घेतले, मग थांबले, मग रक्कम सांगितली, आणि ती पुन्हा सांगितली. मांडवातून टाळ्या आल्या. भाऊ म्हणाले, "आपले मास्तर. ज्याइले तुमी हासत होते ते मास्तर."

काकूने हातातला शिंगाडा टोपलीत ठेवला. तिने आईला विचारले, "बाई, आपल्याच घरचं नाव घेतलं ना?" काकांनी ताटातच हात धुतला. आमच्याकडे अर्ध्या जेवणावर ताटात हात धुणे म्हणजे त्या घरचे अन्न सोडणे, हे कोणाला सांगावे लागत नाही. ते उठले, बाजेपाशी आले आणि काकूला म्हणाले, "चाल." ती उठेपर्यंत थांबले, तिला धरून बाहेर पडले. भोंग्यावर तोवर दुसरे नाव आले होते, पाच हजारांचेच. मग तिसरे. गावच्या जुन्या जमीनदारांच्या, मालगुजारांच्या मुलाने दहा हजारांचा आकडा सांगितला. भाऊंचा अंदाज अचूक होता. मुंबईच्या संस्थेने मागितलेली निम्मी रक्कम त्या एका संध्याकाळी कबूल झाली.

बाबा नारळ आणि शाल घेऊन घरी आले तेव्हा ओसरीत ताट तसेच होते. आईने ते मुद्दाम उचलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी आईने एकच गोष्ट लावून धरली. जा आणि त्यांना खरे सांगा. बाबा म्हणाले, "सांगतलं तं लोक आपापले पैसे वापस मांगतीन. मंग गाडी कोठून येईन?" आई म्हणाली, देवाजीभाऊ कोणाला सांगणार नाहीत. बाबा म्हणाले, "रागात मानूस सांगते." ते खोटे नव्हते. भाऊंनीही तेच बजावले होते. महिन्याभराचा प्रश्न आहे, मुंबईचा पैसा येऊ द्या, मग मी स्वतः देवाजीच्या पाया पडून सांगतो. महिना गेला. भाऊ गेले नाहीत. बाबाही गेले नाहीत. दरम्यान आभाराची कार्डे लिहायची होती. गठ्ठ्यातले पहिले कार्ड बाबांच्या नावाचे होते. पत्ता मी लिहिला. बाबांनी त्यावर शिक्का मारला, इतर कार्डांवर मारला तसाच, आणि ते थैलीत टाकले. नियमाप्रमाणे ते सानगडीला जाऊन परत आले आणि बाबांच्याच हातात पडले. त्यांनी ते खुंटीला टोचले नाही. पेटीत ठेवले.

काकांनी त्यांच्या वाट्याची एक बांधी विकली. गिऱ्हाईक मिळेपर्यंत पौष लागला. मग ते काकूला एस.टी.ने नागपूरला घेऊन गेले. ऑपरेशन झाले. ती परत आली, थोडे दिवस अंगणात बसायची, आई तिला भेटायला जायची. आईशी ती बोलत असे. काका नसत, किंवा आई आली की निघून जात. फाल्गुनात रुग्णवाहिका आली. पांढरी जीप, बाजूला मंडळाचे नाव, पुढे हार. चैत्रात काकूचे पुन्हा बिघडले. मुरलीधरभाऊंनी जीप काकांच्या दारात पाठवली, पैसे घेऊ नका असे सांगून. काकांनी ड्रायव्हरला पाणी दिले आणि जीप परत पाठवली. त्यांनी बैलगाडी जुंपली. काकू साकोलीच्या अलीकडे, रस्त्यात गेली. जीपने नेली असती तर वाचली असती का, ऑपरेशन दिवाळीत झाले असते तर काय झाले असते, हे कोणत्याही डॉक्टरने सांगितलेले नाही. मीही लिहिणार नाही.

जीपने त्यानंतर बरीच वर्षे काम केले. तिच्यात बाळंतपणे झाली, साप चावलेली माणसे वेळेत पोचली. त्यांतल्या कितीतरी जणांना मी नावाने ओळखते. माझ्या चुलत भावाची बायकोही त्याच जीपने साकोलीला गेली आणि मुलगी घेऊन परत आली. तेव्हा काका शेतावर होते, त्यांना कोणी विचारले नाही. मंडळ वाईट होते असे मला लिहिता येत नाही. तसे लिहिता आले असते तर हे प्रकरण सोपे झाले असते.

बाबांनी पुढे ते पाच हजार एक रुपये भरले. पगारातून थोडे थोडे, मुरलीधरभाऊंच्या हातात, पावती न घेता. पुकारलेले खरे करायचे होते, एवढेच ते म्हणाले. मला भंडाऱ्याच्या कॉलेजात घालायचे ठरले होते, ते त्यामुळे दोन वर्षे पुढे गेले. ती दोन वर्षे मी पत्ते लिहिण्यात काढली. पैसे पुरे झाले त्या दिवशी बाबांनी पेटीतले कार्ड काढून खुंटीला टोचले. काकांना ते दिसण्याचा प्रश्न नव्हता. ते आमच्या घरी येत नव्हते.

मी नागपूरला वर्तमानपत्रात लागले, तिथेच निवृत्त झाले. नोकरीत मला मोठमोठ्या संस्थांच्या देणगी-मोहिमांच्या बातम्या कराव्या लागल्या. पहिल्या मोठ्या देणगीदाराचे नाव जाहीर झाले की मी संस्थेला विचारत असे, पैसे जमा झाले का. पुष्कळांना तो प्रश्न उद्धट वाटे. एका संपादकांनी मला विचारले होते, सगळ्यांवर असा संशय का. मी म्हटले, सवय आहे.

बाबा गेल्या वर्षी गेले, पिकल्या वयात, झोपेत. तेरवीला काका आले. काठी घेऊन, नातवाला धरून. मुरलीधरभाऊंचा मुलगा आता मंडळ चालवतो. त्याने चार शब्द बोलायची परवानगी मागितली आणि बाबांना मंडळाचे पहिले दाते म्हटले. बोलून झाल्यावर तो मला बाजूला घेऊन म्हणाला की मंडळाला डायलिसिसचे यंत्र घ्यायचे आहे, येत्या मंडईत सुरुवात मास्तरांच्या स्मरणार्थ झाली तर गावावर परिणाम होईल. घरच्यांनी आत्ता काही द्यायलाच पाहिजे असे नाही. मी नाही म्हटले.

मग मी ओसरीत काकांजवळ जाऊन बसले आणि त्यांना सगळे सांगितले. कोणी विचारले, बाबा काय बोलले, पैसे दिलेले नव्हते, नंतर कसे भरले. आत पंगतीची पाने मांडत होते. काका काठीच्या टोकाने फरशीवरची एक रेघ पुसत राहिले.

"मी आजवर म्हनत होतो," ते म्हणाले, "पैसा होता त्याच्यापाशी, गावाले देल्ला. मानूस हाये, वाटते नाव व्हावं. तेवढं मी माफ केलं होतं, पोरी."

त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली.

"आता तू सांगून राहिली का तवा पैसा देल्लाच नाही. नाव देल्लं. मंग मी काय मांगतलं होतं त्याले?"

आतून कोणीतरी काकांना पानावर बोलावले. त्यांनी नातवाला हाक मारली, चपला पायात घातल्या आणि ते गेले. पंगतीत त्यांचे पान वाढलेले होते. ते तसेच उचलले.

यंदाच्या मंडईला मी गेले नाही. चुलत भावाने फोनवर सांगितले की भोंग्याच्या जागी आता मोठे स्पीकर आहेत आणि मांडवाच्या प्रत्येक खांबाला पैसे पाठवायचा क्यूआर कोड लावला आहे. नाटकाआधी नावे पुकारली गेली. पहिले नाव कैलासवासी पोस्टमास्तर यांच्या स्मरणार्थ, अकरा हजार एक रुपये. दुसऱ्या दिवशी मी मंडळाच्या कोषाध्यक्षांना फोन करून विचारले. त्यांनी पाहून सांगितले की या नावाने अजून काही जमा झालेले नाही. घरात मी प्रत्येकाला विचारले. आमच्यापैकी कोणीही पैसे दिलेले नाहीत.